इंजेक्शनला बॅच नंबर असतो, सल्ल्याला का नसतो?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रविवारी वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्या बोईसरच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीचा पावसाळी फॉरवर्ड आला. साप चावला तर अमुक झाडाचा पाला वाटून पाजा, तमुक बी जखमेवर चिकटवा, विष आपोआप ओढलं जातं, शंभर टक्के खात्रीशीर. मी एवढंच लिहिलं, "खात्री कुणी केली?" एकाने लगेच उत्तर दिलं, "माझ्या मामांना चावला होता, हेच केलं, आज सत्तर वर्षांचे आहेत." हे अपेक्षितच होतं. त्याच्याखाली दुसऱ्याने जे लिहिलं ते मात्र डोक्यातून जाईना. त्याने लिहिलं, "डॉक्टर तरी काय वेगळं करतात? कोरोनात आज एक औषध, उद्या दुसरं. तेही अंदाजपंचेच की."

पहिल्याला उत्तर देणं सोपं आहे. दुसऱ्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याला कोणी नीट दिलेलं नाही. म्हणून ही पोस्ट.

मी डॉक्टर नाही. तारापूर एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत बावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला काढली. आमचं काम सरळ होतं. बॅच तयार झाली की सॅम्पल लॅबला येणार, एचपीएलसीवर लागणार, ॲसे, अशुद्धी, ओलावा सगळं मोजलं जाणार, आणि आकडे ठरलेल्या मर्यादेत असतील तरच सीओए निघणार. एक आकडा बाहेर गेला की ओओएस, मग चौकशी, आणि रात्रपाळीच्या माणसाचे हाल. कागदावर सही होईपर्यंत माल गेटबाहेर जात नाही. नंतर दोन वर्षांनी कुणी तक्रार केली तर रिटेन्शन सॅम्पल कपाटात असतं. तर गोळीत जे लिहिलंय ते आहे की नाही, याचा पुरावा प्रत्येक बॅचमागे असतो.

पण ती गोळी माणसाला बरं करते की नाही, हे आमची लॅब सांगत नाही. सांगूच शकत नाही. ९९.८ टक्के शुद्ध गोळी सुद्धा निरुपयोगी असू शकते. तो पुरावा वेगळा, तो माणसांवर गोळा करावा लागतो, आणि त्याचीही प्रतवारी असते, हे मला नोकरीत असताना धड माहीत नव्हतं. कोरोनानंतर वाचत गेलो तेव्हा कळलं.

आधी मामांचं बघू. समजा एका पाड्यावरच्या भगताकडे वर्षभरात शंभर सर्पदंश आले. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. समजा, त्या शंभरातले सत्तर धामण, दिवड, कवड्या असल्यांचे. उरलेल्या तीसांत काही दंश कोरडे, म्हणजे साप विषारी पण विष आत गेलंच नाही. म्हणजे काहीही न करता ऐंशीच्या आसपास माणसं उठून घरी जाणार. भगताने पाला दिला काय, मंत्र म्हटला काय आणि नुसती बिडी ओढली काय, त्याचा यशाचा आकडा शंभरात ऐंशी. एवढा आकडा असलेल्या माणसावर गाव विश्वास ठेवणार नाही तर काय करणार? यात भगत लबाड असायची गरजच नाही. त्यालाही मनापासून वाटतं की पाला लागू पडला. आणि उरलेले वीस? ते "उशिरा आणलं", "नशीब" या खात्यात जातात. मामा ऐंशीतले होते की वीसातले, हे मामांच्या जिवंत असण्यावरून कळत नाही. कळण्यासाठी पाला न दिलेली तशीच शंभर माणसं शेजारी ठेवून मोजावी लागतात. तुलना नाही तर पुरावा नाही. सगळ्या प्रतवारीचा पाया एवढाच आहे.

हा नुसता तर्काचा खेळ नाही. डहाणूत आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांनी मुंबईच्या एनआयआरआरएचबरोबर डहाणू तालुक्यात सर्पदंशाबद्दल अभ्यास केला, २०२१ साली तो प्लॉस वन या नियतकालिकात आला. चिंचोका किंवा लोहचुंबक विष उतरवतो, हा विश्वास त्यात नोंदलेला आहे. आणि मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की त्यांनी फक्त आदिवासींच्या समजुती मोजल्या नाहीत, आरोग्य कर्मचाऱ्यांना काय येतं तेही विचारलं, आणि तिथल्या त्रुटीही छापल्या. देशात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली असा अंदाज २०२०च्या एका मोठ्या अभ्यासात आहे. त्यातली बरीचशी आपल्यासारख्या जिल्ह्यांतली, शेतावर राबणारी, जमिनीवर झोपणारी.

आता डॉक्टर काय वेगळं करतात ते. यासाठी पालघरहून खाली रायगडात, महाडला जावं लागेल.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली तरणीताठी माणसं, पोरं, फुफ्फुसात पाणी होऊन त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होती. पुस्तकात यावर धड काही नव्हतं. त्यांनी काय केलं? रुग्णाशेजारी बसून लिहून काढलं. घाम कधी सुटतो, हातपाय कधी गार पडतात, रक्तदाब कधी चढतो, कधी पडतो. १९८२ साली ती लक्षणं लॅन्सेटमध्ये छापून आली. मग लक्षात आलं की विंचवाच्या विषाने शरीरातलं ॲड्रेनलिनसारखं रसायन एकदम उसळतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या दाबाखाली थकतं. तर त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, द्यायला सुरुवात केली. १९८६ साली तेही लॅन्सेटमध्ये आलं. प्राझोसिनच्या आधी गंभीर रुग्णांत शंभरातले पंचवीस-तीस जात, नंतर हे प्रमाण एकाच्या आसपास आलं.

आता या पुराव्याला मार्क किती द्यायचे?

जगभरचे वैद्यकीय सल्ले तयार करणारे लोक यासाठी ग्रेड नावाची पद्धत वापरतात. २००० सालापासून तिच्यावर काम सुरू आहे, जागतिक आरोग्य संघटना तीच वापरते. पुराव्याची खात्री चार पायऱ्यांत मोजतात: उच्च, मध्यम, कमी, फार कमी. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडले आणि तुलना केली, तर सुरुवात वरच्या पायरीवरून. नुसतं निरीक्षण असेल, "आधी असं होतं, नंतर असं झालं" असं असेल, तर सुरुवात खालून, 'कमी'वरून. मग तपासणी. चाचणीत पक्षपात होता का? वेगवेगळ्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळतात का? ज्यांच्यावर प्रयोग झाला ती माणसं आपल्या रुग्णासारखी आहेत का? संख्या पुरेशी आहे का? वाईट निकाल कुणी कपाटात दडवले का? प्रत्येक कमतरतेला पायरी खाली. उलट परिणाम इतका मोठा असेल की दुसऱ्या कशाने समजावताच येत नाही, तर पायरी वर. आमच्या लॅबवाल्यांना हे वाचून घरी आल्यासारखं वाटेल.

म्हणजे प्राझोसिनचा पुरावा जन्माने खालचा. मधल्या काळात रस्ते सुधारले, रुग्ण लवकर येऊ लागले, सलाईनची पद्धत बदलली, त्याचाही वाटा असणार. पण पंचवीस-तीसावरून एकावर, ही घसरण नुसत्या रस्त्याने होत नाही. म्हणून तो वर चढतो.

बावस्कर तिथे थांबले नाहीत, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. विंचवाची लस, म्हणजे प्रतिविष, आली तेव्हा "मला वाटतं उपयोग होतो" यावर भागवता आलं असतं. एवढ्या नावाच्या माणसाचा शब्द कोण खोडणार होता? त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडला चाचणी केली. ७० रुग्ण, ३५ जणांना प्रतिविष आणि प्राझोसिन, ३५ जणांना फक्त प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ३२ आणि दुसऱ्या गटात ८. २०११ साली बीएमजेने ते छापलं. त्यातही उणिवा आहेत. कोणाला काय दिलं ते डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होतं, आणि ७० ही संख्या मृत्यू टळतात का हे सांगायला पुरत नाही. दोन वर्षं आधी अमेरिकेत ॲरिझोनात विंचवाच्या प्रतिविषाची चाचणी झाली होती, फक्त १५ मुलांवर, पण चिठ्ठ्या टाकून आणि कोणाला काय दिलं ते लपवून. पद्धत महाडपेक्षा काटेकोर, पण तिथला विंचू वेगळा, विष वेगळं. तो निकाल जसाच्या तसा कोकणात आणता येत नाही. महाडचं उत्तर महाडलाच शोधावं लागलं.

गडचिरोलीतही हेच झालंय. बंग दांपत्याने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी आणि ४७ गावं तुलनेला, असा अभ्यास केला. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलं. खेड्यात पुरावा तयार होत नाही, तो मुंबई-दिल्लीहून यावा लागतो, असं म्हणणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

आता कोरोनाकडे येतो, कारण ग्रुपवरच्या त्या माणसाचा राग तिथला आहे, आणि माझाही.

एप्रिल २०२१. माझा मेहुणा, वय ४६, एका खासगी रुग्णालयात ऑक्सिजनवर. नाव लिहीत नाही, कारण त्या महिन्यात सगळीकडे हेच चालू होतं. चौथ्या दिवशी हातात चिठ्ठी आली: रेमडेसिविर, सहा व्हायल, बाहेरून आणा. आणली नाहीत तर आम्ही जबाबदार नाही. सरकारने त्याच महिन्यात किमती उतरवल्या होत्या, कंपनीप्रमाणे ८९९ ते ३४९० रुपये. पण त्या किमतीला ते कुठेच नव्हतं. पालघर, विरार, वापी, एका ओळखीच्या ड्रायव्हरकडून सिल्वासा. शेवटच्या दोन व्हायल बावीस हजाराला एक अशा घेतल्या. बहिणीच्या पाटल्या गहाण पडल्या. मी, ज्याने आयुष्यभर सीओएशिवाय ड्रम उघडला नाही, विरार स्टेशनबाहेर एका अनोळखी पोराकडून बिल नसलेलं इंजेक्शन हातात घेतलं आणि त्याचं लेबलही नीट वाचलं नाही.

मेहुणा वाचला. बहीण आजही म्हणते, पाटल्या गेल्या पण इंजेक्शनने कुंकू राखलं. मी तिच्याशी वाद घालत नाही.

पण त्या चिठ्ठीच्या वेळी कागदावर काय होतं ते नंतर शोधलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचे आकडे ऑक्टोबर २०२० मध्येच आले होते. ३० देश, ११ हजारांवर रुग्ण, चार औषधांची तपासणी, त्यातलं एक रेमडेसिविर. मृत्यूवर जवळपास परिणाम नाही. २० नोव्हेंबर २०२० ला संघटनेने ते न देण्याची सशर्त शिफारस केली. आपल्या एम्स-आयसीएमआरच्या एप्रिल २०२१च्या पत्रकात सुद्धा रेमडेसिविर वेगळ्या चौकटीत होतं, आणि त्यावर स्पष्ट लिहिलं होतं की हे मर्यादित पुराव्यावर आणि विशिष्ट परिस्थितीतच. लोक पैसे देऊन मिळवत होते त्या आयव्हरमेक्टिनच्या गोळीला तर मे महिन्याच्या पत्रकात 'कमी खात्रीचा पुरावा' असं शीर्षकच होतं. म्हणजे ग्रेडची पायरी सरकारी कागदावर छापलेली होती. बोईसरच्या चिठ्ठीवर ती उतरली नाही.

आणि त्याच पत्रकात, त्याच पानावर, स्वस्त स्टेरॉइड होतं. डेक्सामेथासोन. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं होतं: व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना मात्र फायदा नाही. दिवसाचा खर्च चहा-वड्याएवढा. मेहुण्याला तेही चालू होतं, ऑक्सिजनही होता. सहा व्हायल, स्टेरॉइड, ऑक्सिजन, त्याचं स्वतःचं शरीर. कशाने वाचला? एका माणसावरून सांगता येत नाही. मामांचीच गोष्ट, फक्त पाल्याऐवजी व्हायल.

पूर्ण चित्र सांगायचं तर २०२२ साली सॉलिडॅरिटीचे अंतिम आकडे आले. ऑक्सिजनवर असलेल्या पण व्हेंटिलेटर न लागलेल्या रुग्णांत रेमडेसिविर घेतलेले १४.६ टक्के गेले, न घेतलेले १६.३ टक्के. म्हणजे शंभरात दोनाहूनही कमी जणांचा फरक. संघटनेनेही नंतर आपली शिफारस बदलली. तेव्हा ते इंजेक्शन म्हणजे निव्वळ पाणी होतं, असं मी म्हणणार नाही. मी म्हणतो, आम्हाला हे सांगायला हवं होतं: "उपयोग झाला तर थोडा होईल, खात्री कमी आहे, मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर स्टेरॉइड आणि ऑक्सिजन चालू आहे, तोच मुख्य इलाज." एवढी तीन वाक्यं. पाटल्या तरीही गहाण टाकल्या असत्या कदाचित. पण बहिणीने डोळे उघडे ठेवून टाकल्या असत्या.

प्लाझ्माची कथा याहून वाईट. २९ जून २०२० ला आपल्या राज्याने प्लाझ्माची मोठी चाचणी, प्लॅटिना, वाजतगाजत सुरू केली. ऑक्टोबरमध्ये आयसीएमआरच्या प्लॅसिड चाचणीचा निकाल बीएमजेत आला: ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण, आजार बळावणं किंवा मृत्यू, दोन्हींत फरक नाही. आपल्याच देशातली, आपल्याच रुग्णांवरची चाचणी. तरी प्लाझ्मा सरकारी यादीतून निघाला तो १७ मे २०२१ ला. मधले सात महिने लोक स्टेटसवर रक्तगट टाकून प्लाझ्मा मागत फिरले. मीही दोन पोस्ट शेअर केल्यात, आत्ता शोधल्या तर सापडतील.

तर त्या ग्रुपवरच्या माणसाला माझं उत्तर: नाही, अंदाजपंचे नव्हतं. खात्री मोजलेली होती. लपवलेलीही नव्हती, इंग्रजी पीडीएफमध्ये उघडी पडलेली होती. फक्त तुझ्या-माझ्यापर्यंत आणायचं काम कुणाचंच नव्हतं.

इथे एक गुंता आहे, आणि तो सोडवल्याशिवाय पुढे गेलो तर घात होईल. 'पुरावा कमी' याचा अर्थ 'उपचार नको' असा नाही.

सापाचं प्रतिविष घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी ती लस. सापाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, त्यावर प्रतिविषाच्या चाचण्यांचा आढावा २०१५ साली कॉक्रनने घेतला. प्रतिविष दिलेले आणि न दिलेले अशी चिठ्ठ्या टाकून केलेली एकही पात्र चाचणी सापडली नाही. एकही नाही! मग देऊ नये का? घोणस चावलेल्या माणसाचं रक्त नळीत गोठत नाही, लघवीतून रक्त जातंय, आणि तुम्ही चिठ्ठी टाकणार की याला द्यायचं, त्याला नाही? कोण आई-बाप तयार होईल? चालत्या लोकलमधून उडी मारू नये याचीही चाचणी कुणी केलेली नाही. म्हणून ग्रेड दोन गोष्टी वेगळ्या ठेवतं. पुराव्याची खात्री किती, हा एक प्रश्न. शिफारस ठाम की सशर्त, हा दुसरा. जीव जाण्याची वेळ असेल, दुसरा इलाज नसेल, तर कमी खात्रीवरही शिफारस ठाम असू शकते. प्रतिविष: चाचणीचा पुरावा तोकडा, शिफारस ठाम, घ्यायचंच. रेमडेसिविर: चाचण्या ढीगभर, शिफारस डळमळीत. हे दोन्ही एका वाक्यात सांगता आलं तर अर्धे गैरसमज मिटतील.

आणि सर्पदंशात जिथे चाचणी करता येते तिथे ती झालीही आहे. प्रतिविषाची रिॲक्शन जबर येते, अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. ही भीती एवढी की कितीतरी ठिकाणी प्रतिविष हाताशी असून रुग्ण पुढे धाडतात. रिॲक्शन येऊ नये म्हणून सवयीने हायड्रोकॉर्टिसोन आणि ॲलर्जीचं इंजेक्शन आधी देतात. श्रीलंकेत १००७ रुग्णांवर चाचणी झाली, २०११ साली प्रसिद्ध झाली. हायड्रोकॉर्टिसोन: उपयोग नाही. प्रोमेथाझिन, म्हणजे ॲलर्जीचं: उपयोग नाही. ॲड्रेनलिन, पाव मिलीचा छोटा डोस कातडीखाली: पहिल्या तासात गंभीर रिॲक्शन ४३ टक्क्यांनी कमी, ४८ तासांपर्यंत धरलं तर ३८ टक्क्यांनी. आणि सोबत हायड्रोकॉर्टिसोन दिलं तर ॲड्रेनलिनचा फायदाही पुसला गेला. (घरी कुणी काही टोचू नये, हे काम डॉक्टरांचं.) शेजारच्या देशात, आपल्यासारख्याच शेतकऱ्यांवर, एका स्वस्त ॲम्प्यूलचा एवढा चांगला पुरावा. आपल्या जिल्ह्यातल्या किती आरोग्य केंद्रांत आज सवय कुठली आणि पुरावा कुठला, हे तपासायला नको?

हे सगळं मी एका डॉक्टर मित्राला वाचून दाखवलं. तो तलासरीकडे बरीच वर्षं काम करून आलाय. तो चिडला. म्हणाला, "तू रुग्णाला सांगणार, पुराव्याची खात्री कमी आहे. तो काय ऐकणार? डॉक्टरलाच खात्री नाही. उठेल आणि भगताकडे जाईल. मेला तर तुझी पोस्ट वाचवणार आहे का त्याला?"

मी यावर दोन दिवस विचार केला. त्याचं अर्धं बरोबर आहे. रात्री अडीच वाजता मण्यार चावलेल्या पोराच्या बापाला पायऱ्या समजावत बसायचं नाही. तिथे आधी ठामपणा सांगायचा: लस द्यायचीच, इथेच, आत्ता. खात्रीची गोष्ट नंतर, किंवा भिंतीवरच्या फलकावर. पण त्याचं दुसरं अर्धं मला पटत नाही. २०२१ मध्ये आम्हाला कुणीच काही सांगितलं नाही, सगळं एकाच ठाम आवाजात सांगितलं, ऑक्सिजन त्याच आवाजात आणि आयव्हरमेक्टिन त्याच आवाजात. नंतर एकेक औषध यादीतून गळत गेलं, तसा तो आवाजच खोटा वाटायला लागला. आज "डॉक्टर तरी काय वेगळं करतात" असं विचारणारा माणूस तिथेच तयार झालाय. तो उद्या भगताकडे जाईल तो खरं सांगितल्यामुळे नाही.

मित्राने शेवटी एवढं मान्य केलं की महागड्या, बाहेरून आणायच्या औषधाबाबत लिहून द्यायला हरकत नाही. "पण वेळ कुणाला आहे," हेही म्हणाला. ते खरंच आहे.

माझी मागणी. खासगी असो की सरकारी, नातेवाइकांना बाहेरून महागडं इंजेक्शन आणायला सांगताना चिठ्ठीवर दोन ओळी मराठीत हव्यात: ही शिफारस ठाम आहे की सशर्त, आणि पुराव्याची खात्री चारपैकी कोणती, कुठल्या मार्गदर्शक पत्रकाप्रमाणे. दोन ओळी, रबरी शिक्का केला तरी चालेल. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाचा फलक हवा: इथे प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, ॲड्रेनलिन आहे का, रक्त गोठतं की नाही पाहायला कोरडी काचेची नळी आहे का, आणि लस देण्याआधी काय देतात व का. तिसरं, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश नोंद सक्तीची करायला सांगितलंय. मग पालघरचे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करा. किती आले, किती वेळाने आले, किती कुप्या लागल्या, किती वलसाड-सिल्वासाला पाठवले, किती गेले. भगताकडे आधी जाऊन आलेले किती, तेही, दोष न देता. लस जिथल्या सापांच्या विषापासून बनते ते विष बहुतांश तामिळनाडूतून येतं. आपल्या भागातल्या सापांवर ती किती पुरते, हे आपल्या आकड्यांशिवाय कोण सांगणार?

या तीन मुद्द्यांचं पत्र मी सोमवारी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देतोय. पोच मिळाली की फोटो इथे टाकतो. कुणाला सही करायची असेल तर रविवारी सकाळी अकरापर्यंत नवापूर नाक्यावर भेटा, मी तिथे आहे. कुणाच्या घरात सर्पदंश झाला असेल आणि रुग्णालयाचा कागद जपून ठेवला असेल, तर तो नाव झाकून दाखवा. आधी कुठलं इंजेक्शन दिलं होतं ते मला त्यात बघायचंय.